चर्चशी बिनसलं, येशूशी नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विक्रोळीला कन्नमवार नगरात आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी पाच-सहा जण जमतात. कुणी सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कुणी मेथडिस्ट, म्हणजे दोन्ही प्रोटेस्टंट, आणि एक जण वसईचा कॅथलिक. एक मावशी येतात, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, पण त्या रोज बायबल वाचतात. बहुतेकांचं आपापल्या चर्चशी काही ना काही बिनसलेलं आहे. गेल्या काही वर्षांत तिथे, फोनवर, कधी लोकलच्या गर्दीत कानाशी येऊन लोकांनी जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. मुंबईतल्या एका जुन्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले, शब्बाथशाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात) वचनं पाठ केली, क्वायरमध्ये गायले, आणि एका टप्प्यावर जाणं थांबवलं. त्यामुळे ही उत्तरं त्याच वाटेवरच्या एकीची आहेत, एवढं धरून वाचा.

दोन वर्षं चर्चची पायरी चढलो नाही. मी अजून ख्रिस्ती आहे का?

आहात. बाप्तिस्मा हजेरीपटावर टिकत नाही. कॅथलिक असो, सीएनआय असो, मेथडिस्ट असो, सोडून गेलेलं माणूस परत आलं तर या मंडळ्या त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत. आधीचा पुसला गेला असं त्या मानतच नाहीत.

सभासदत्व वेगळं. ते वर्गणीवर, यादीवर, कमिटीच्या ठरावावर चालतं. नाव यादीतून निघू शकतं, मतदानाचा हक्क जाऊ शकतो, दफनाच्या वेळी अडचण येऊ शकते. या दोन गोष्टींची गल्लत आपल्याकडे इतकी झाली आहे की ‘नाव कापलं’ म्हटल्यावर माणसाला वाटतं देवानेच कापलं.

चर्चचा इतका राग येतो की उपासनेला बसवत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षं विचारला. शेवटी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती सांगायलाच मी हे सगळं लिहिते आहे.

चर्चमध्ये कुणी गरिबाला मागे बसवलं तर मला राग का येतो? लहानपणी शब्बाथशाळेत बाईंनी याकोबाचं पत्र शिकवलं म्हणून. सोन्याची अंगठी घातलेल्याला ‘इथे बसा’ आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तिकडे उभा राहा’ म्हणू नका, हे दुसऱ्या अध्यायात आहे. चर्च कमिटीच्या निवडणुकीत पैसे वाटले गेले की पोटात का ढवळतं? डोंगरावरचं प्रवचन तोंडपाठ करून घेतलं होतं म्हणून. ज्या मापाने मी मंडळीला मोजते ते माप माझ्या हातात मंडळीनेच दिलं. राग येतो आहे, म्हणजे ते शिकवणं वाया गेलेलं नाही.

मात्र राग आणि कडवटपणा यांत फरक आहे. राग माणसाला काहीतरी करायला लावतो. कडवटपणा आला की दर रविवारी चर्चमध्ये काय वाईट घडलं हे कुणीतरी फोन करून सांगावं असं वाटू लागतं. मला तसं वाटू लागलं होतं. तिथे सांभाळायला हवं.

तुमचं नेमकं काय झालं होतं?

पप्पा सकाळी सहाला गेले. नऊ वाजता दादा आणि मी चर्चच्या ऑफिसात दफनाचं विचारायला गेलो. सेक्रेटरी ‘फार वाईट झालं’ म्हणाले, बसायला खुर्ची दिली आणि कपाटातून लाल पुठ्ठ्याची वर्गणीची वही काढली. बोट ओलं करून एकेक पान उलटलं. पप्पांचं नाव सापडलं. पुढचे रकाने कोरे. ते बोटाने मोजत गेले, सव्वीस महिने. म्हणाले, ‘एवढं भरून टाका, मग कबरीची चिठ्ठी देतो.’

पप्पा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. त्या दोन वर्षांत वर्गणी मागायला कुणी घरी आलं नाही, प्रार्थना करायलाही कुणी आलं नाही. दादा उठला, शेजाऱ्याकडून पैसे घेऊन आला. सेक्रेटरींनी कार्बन घालून पावती केली. पावतीवर ‘देव संतोषाने देणाऱ्यावर प्रीती करतो’ हे वचन छापलेलं होतं. ती पावती मी बरीच वर्षं पाकिटात घेऊन फिरले, कुणालाही दाखवायला.

त्याच रात्री त्याच मंडळीच्या महिला मंडळातल्या दोन मावश्या आल्या. एकीच्या हातात पिठल्याचं पातेलं, दुसरीकडे फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. आईला दोन घास भरवले. मग तिच्या दोन बाजूंना बसून पहाटेपर्यंत ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकातली गीतं अगदी हळू, शेजारी झोपमोड होऊ नये इतक्या हळू म्हणत राहिल्या. त्यातल्या एकीच्या घरची वर्गणीही थकलेली होती, हे मला पुढे कळलं.

वही आणि भाकरी, दोन्ही एकाच मंडळीतून, एकाच दिवशी आलं. मी मात्र लोकांना वर्षानुवर्षं फक्त वहीची गोष्ट सांगत राहिले.

येशूनेच मंडळी स्थापन केली ना? मग तिच्यावर टीका करणं म्हणजे त्याच्यावरच नाही का?

मत्तयाचा सोळावा अध्याय वाचा, तिथे पेत्राला मंडळीबद्दलचं वचन आहे. मग त्याच मत्तयाचा तेविसावा वाचा. शास्त्री आणि परूशी जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यांवर देतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत, त्यांना जेवणावळीत मुख्य जागा आणि सभास्थानात पुढच्या गाद्या हव्या असतात, हे येशू भर लोकांत बोलला. शिष्यांना म्हणाला, तुम्ही स्वतःला गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुम्ही सगळे भाऊ आहात. मंदिरात सराफांचे चौरंग उलथले तो प्रसंग चारही शुभवर्तमानांत आहे.

आणि तरी लूक लिहितो की शब्बाथ दिवशी येशू आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात गेला. परिपाठ म्हणजे दर आठवड्याला. जिथे पुढच्या गाद्यांवर कोण बसतं हे त्याला माहीत होतं, तिथेच तो जात राहिला. या दोन गोष्टी त्याच्यात एकत्र राहिल्या. आपल्याला त्या एकत्र ठेवणं अवघड जातं, हे मी मान्य करते.

मराठीत आपल्या आधी कुणी या वाटेने गेलंय का?

गेलंय, आणि चांगली मोठी माणसं. आपल्या मुलांना ही नावं माहीत नसतात याचं मला फार वाईट वाटतं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. तिथल्या ज्या भगिनींनी (नन्सनी) त्यांना आधार दिला त्यांच्याशीच त्यांचा पुढे पत्रांतून मोठा वाद झाला. काय मानायचं हे चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगायचं आणि आपण मान डोलवायची, हे त्यांना मान्य नव्हतं. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मान सोडवली, ती दुसऱ्या जोखडात घालायची नाही, असा त्यांचा रोख होता. एवढं होऊनही त्यांनी ख्रिस्ताला सोडलं नाही. मुंबईत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी शारदा सदन काढलं, ते नंतर पुण्याला हललं, आणि पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली. उतारवयात आपली साक्ष लिहिताना त्या म्हणाल्या की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं मला ख्रिस्ती धर्म सापडलेला होता, ख्रिस्त सापडलेला नव्हता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत उभी होते. ज्या बाईने केडगाव उभारलं तिलाही हे वाटलं होतं, मग आपण कशाला लाजायचं?

दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. वीसेक वर्षं त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, आणि १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्तावर प्रेम. त्यांना आणखी एक पंथ काढायचा नव्हता. १९१९च्या मे महिन्यात ते मुंबईतच वारले, आणि दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत. त्यांची गीतं आज आपण ज्या बाकांवर बसून गातो, त्या बाकांबाहेर देवाचं घर मांडायची त्यांची धडपड होती, हे गाताना कुणी सांगत नाही.

आणि आत राहून बोलणाऱ्यांचं उदाहरण हवं असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, वसईची हिरवाई वाचवण्याच्या ‘हरित वसई’ लढ्यात पुढे, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ साली गेले. धर्मगुरूचा झगा न सोडताही माणूस ताठ बोलू शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळायचं.

चर्चमध्ये जात का दिसते? ख्रिस्तात जात नाही ना?

ख्रिस्तात नाही. आपल्यात आहे. नवीन कुटुंब आलं की पहिला प्रश्न ‘मूळ गाव कुठलं’ आणि दुसरा ‘आधीचं आडनाव काय’. नगर-जालन्याकडच्या आपल्यासारख्या घरांना हे प्रश्न कशासाठी असतात ते नीट कळतं. लग्नाच्या स्थळांत तर ते उघडच बोललं जातं. कॅथलिक मित्र सांगतो की वसईतही कोण सामवेदी, कोण वाडवळ, कोण कोळी, हे अजून पाहिलं जातं. भारतातल्या ख्रिस्ती समाजाने जात मोडली नाही, तिच्याशी जुळवून घेतलं, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं आपण नंतर फारसं काही केलेलं मला दिसत नाही.

बाहेरून दुसरा मार बसतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. म्हणजे सरकारी कागदावर जात नाही, आणि मंडळीच्या बाकावर आहे. ज्याला हे सहन होत नाही आणि जो उठून जातो, त्याला ‘विश्वासात कच्चा’ म्हणू नका. फार फार विनंती आहे.

आई-पप्पांना कसं सांगू? आई रडेल.

रडेल. आईच्या पिढीला चर्च म्हणजे फक्त उपासना नव्हती. गावाहून मुंबईत आल्यावर खोली, नोकरी, शाळेचं ॲडमिशन, सगळं चर्चच्या ओळखीने झालं. तुम्ही ‘मी येणार नाही’ म्हणता तेव्हा तिला ऐकू येतं, ‘माझ्या मयताला कोण उभं राहणार?’

मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. एक म्हणजे रविवारी सकाळी, सगळे तयार होऊन दाराशी उभे असताना सांगितलं. दुसरी, आईला पटावं म्हणून तिच्यासमोर पाळकसाहेबांच्या चुकांची यादी वाचली. तिला वाटलं मी तिच्या आयुष्यावरच बोट ठेवते आहे. नंतर कधीतरी तिच्याबरोबर भाजी निवडत बसले असताना एवढंच म्हणाले, ‘आई, मी प्रार्थना सोडलेली नाही. रात्री तुझ्याबरोबर बसू का?’ तेव्हापासून रात्री साडेनऊला एक स्तोत्र ती वाचते, एक मी वाचते. चर्चचा विषय आम्ही अजून काढत नाही.

दुसऱ्या मंडळीत जाऊ का? हॉलमधल्या नव्या सभांना खूप गर्दी असते.

जाऊन बघा. त्यातल्या काही ठिकाणी खरोखर प्रेमाने विचारपूस होते, जुन्या चर्चमध्ये वीस वर्षांत झाली नसेल तेवढी. पण जखमी माणूस लवकर भुलतो, म्हणून तीन गोष्टी विचारा. जमाखर्च वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडला जातो का? पाळकाला प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, की ‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नकोस’ हे ऐकायला मिळतं? आजारी माणसाला डॉक्टरची गोळी बंद करायला सांगतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर त्याच क्षणी चपला घालून निघा.

घरी आम्ही भाकर मोडली तर ते प्रभुभोजन होईल का?

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. आमच्याकडे या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि अजून जातो.

कॅथलिक शिकवणीत अभिषिक्त धर्मगुरूशिवाय मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना) नाही. सीएनआयमध्येही प्रभुभोजन दीक्षित पाळकच देतात. काही लहान मंडळ्यांत वडीलजनही देतात. आमच्यातल्या कॅथलिक भावाला घरी कप उचलणं मनाला पटत नाही, आणि त्याच्या मनाला टोचेल असं काही आम्ही करायचं नाही हे ठरलेलं आहे. म्हणून आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणत नाही, प्रीतिभोजन म्हणतो. तो शब्द आपल्या मंडळ्यांत जुनाच आहे.

होतं असं. खाली जुनी सतरंजी. मध्ये स्टीलच्या ताटात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या, वर फडकं. कुणीतरी शुभवर्तमानातला एक उतारा वाचतं. मग ज्याची पाळी असेल तो भाकरी मोडतो. भाकरी गरम असली की वाफ बोटांना लागते, तुकडा सरळ निघत नाही, पापुद्रा एकाच्या हातात आणि गाभा दुसऱ्याच्या हातात जातो. प्रत्येकाने आपला तुकडा स्वतः घ्यायचा नाही, शेजारच्याने द्यायचा. देताना नाव घ्यायचं. बाप्तिस्मा न झालेल्या मावशींचं नाव घेऊन मी पहिल्यांदा तुकडा दिला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘एवढी वर्षं मागच्या बाकावर बसून इतरांना घेताना बघितलं.’ मग वरण, भात, ठेचा. बस.

पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांना चर्चच्या इमारतीच नव्हत्या. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला पौल सलाम सांगतो, तो रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात. रोमी सम्राटाच्या राज्यात उघडपणे जमायची मोकळीक ३१३ साली मिळाली. त्याआधी बरंचसं घराघरांतच चाललं होतं.

मग ‘एकत्र मिळणे सोडू नका’ या वचनाचं काय?

इब्री लोकांस पत्र, अध्याय १०, वचन २५. पाळकसाहेब हेच वचन पाठवतात, मला माहीत आहे. ते खरं आहे आणि मी ते मनावर घेते. एकट्याने विश्वास टिकवणं फार कठीण जातं. सहा महिन्यांत प्रार्थना आटते, वर्षभरात येशू म्हणजे एक चांगलं मत उरतं. माझं तसं होत आलं होतं. पण ते वचन लिहिलं गेलं तेव्हा ‘एकत्र’ म्हणजे कुणाच्या तरी घरातली खोली होती. येशू स्वतः म्हणाला, ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमलेले आहेत तेथे त्यांच्यामध्ये मी आहे.’ दोघे किंवा तिघे शोधा. चर्च सुटलं तर चालेल, हे सुटू देऊ नका.

लग्न, मुलांचा बाप्तिस्मा आणि दफन. चर्च नसेल तर हे कसं होणार?

लग्नाचं सोपं आहे. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात पाळकाशिवाय विवाह निबंधकासमोर लग्न करायचीही तरतूद आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखालीही करता येतं. त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. त्याने वारसाहक्काला धक्का लागत नाही, कारण ख्रिस्ती लोकांना तसाही १९२५चा भारतीय वारसा कायदाच लागू आहे.

बाप्तिस्म्यासाठी घाई करू नका. बहुतेक ठिकाणी निदान एका पालकाचं सभासदत्व विचारतात. एखादे समंजस पाळक ओळखीचे असतील तर त्यांच्याशी मोकळं बोला. असे पाळक आहेत. तुटपुंज्या पगारात, गळक्या क्वार्टरमध्ये राहून रात्री दोनला हॉस्पिटलात धावणारे मी पाहिले आहेत.

दफनाचं मात्र आजच विचारून ठेवा. मुंबईत जागा नाही, कबरी काही वर्षांनी पुन्हा उघडतात, आणि अनेक दफनभूमींत आपल्याच पॅरिशची (त्या चर्चच्या सभासदांची) यादी पाहतात. शिवडीच्या दफनभूमीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचं दफन होतं. प्रत्येक ठिकाणचा नियम आणि खर्च वेगळा, म्हणून जाऊन लिहून आणा. दहनाला हरकत नसेल तर तेही चालतं. कॅथलिक चर्चनेही १९६३पासून परवानगी दिलेली आहे. काय करायचं ते घरच्यांना कागदावर लिहून द्या. ज्या सकाळी माणूस जातं त्या सकाळी कुणाला वहीसमोर बसावं लागू नये.

चर्चमधल्या माणसाने माझ्या मुलाशी घाणेरडं वर्तन केलं. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसायला सांगतात.

गप्प बसू नका. कमिटीच्या बैठकीची वाट पाहू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असं कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि माहीत असून न सांगणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर शिक्षा आणखी मोठी. मदतीचे फोन नंबर : मुलांसाठी १०९८, बायकांसाठी १८१. कॅथलिक असाल तर २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी प्रत्येक धर्मप्रांताला तक्रार घेण्याची व्यवस्था उभारायला सांगितलं आहे, तिथेही द्या. पण पोलिसांकडे आधी. क्षमेविषयी आत्ता कुणी बोलायला आलं तर त्यांना दार दाखवा. आणि मुलाला रोज सांगा की तुझी काही चूक नाही.

दशांश कुठे द्यायचा?

दशांश म्हणजे देवासाठी काढलेला कमाईचा दहावा भाग. तो जिथे भूक दिसते तिथे. आमच्या शुक्रवारच्या दानाच्या डब्यातून सध्या एका मुलीची नर्सिंगची फी जाते. हिशेब भिंतीवर लावलेला असतो.

माझी मैत्रीण बौद्ध आहे. दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते, घरी येशूचा फोटो आहे, पण बाप्तिस्मा घेणार नाही म्हणते. तिला काय म्हणायचं?

तिच्या घरचं, समाजाचं, बाबासाहेबांशी असलेलं तिचं नातं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. माहीमला सेंट मायकेलच्या रांगेत बुधवारी उभं राहिलं की दिसतं, निम्मी रांग तिच्यासारख्यांची. वांद्र्याच्या मोत माऊलीच्या (माउंट मेरी) जत्रेतही तेच. या लोकांच्या हातातल्या मेणबत्त्यांकडे चर्च कौतुकाने पाहतं, मग त्यांना काय नावाने हाक मारायची हे त्याला सुचत नाही. ‘देवाचा दरबार’ काढणाऱ्या टिळकांना सुचलं होतं. बाप्तिस्मा तिचा आणि येशूचा प्रश्न आहे. तुम्ही तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा.

प्रार्थनाच होत नाही. शब्द येत नाहीत.

मार्क, नववा अध्याय. मुलाला घेऊन आलेला बाप येशूला म्हणतो, मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूने त्याला परत पाठवलं नाही.

माझं सांगते. मस्जिदला ऑफिस, सकाळी विक्रोळीहून फर्स्ट हाफच्या लेडीज डब्यात चढले की उभं राहायलाही जेमतेम जागा मिळते. डोळे मिटता येत नाहीत, हात जोडता येत नाहीत. वरची कडी धरून मी एकच वचन म्हणते, आजीने शिकवलेलं : ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन.’ घाटकोपरला गर्दी आत घुसते तेव्हा ‘तुम्ही सर्व’ हे शब्द येतात. कोपर लागलेल्या, डबे छातीशी धरलेल्या, केसांत गजरा माळलेल्या त्या सगळ्या बायका त्यात येतात. कुर्ला येईपर्यंत तीन-चारदा म्हणून होतं. काही महिने माझी प्रार्थना एवढीच होती.

परत जावंसं वाटलं तर?

जा. ते हरणं नाही. आणि गेलात म्हणून सगळं माफ केलं असंही होत नाही.

यंदा उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मी गेले होते. बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना. नऊ वर्षांनी. दाराशी हात थरथरत होते. ऑफिसची खिडकी तीच, आत कपाट तेच. सेक्रेटरी बदललेले. मी सगळ्यात मागच्या बाकाच्या कडेला बसले, मधूनच उठता यावं म्हणून. चौथा उद्गार वाचला, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि लोक गीताला उभे राहिले. माझ्याकडे पुस्तक नव्हतं. शेजारी कुणीतरी सरकलं. पिठलं घेऊन आलेल्या त्या मावशी. आता पाठीत वाकलेल्या, जाड चष्मा. माझ्याकडे न बघताच त्यांनी आपलं ‘उपासना संगीत’ अर्धं माझ्या हातात दिलं, बोटाने ओळ दाखवली आणि हळूच म्हणाल्या, ‘आलीस? आई कशी आहे?’